मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनाची बेअरिंग्ज बदलताना

धागाकर्ता: घार (पुणे)

नमस्कार.

पावसाळ्यात पेटीत ठेवलेली विमाने नवरात्राच्या सुमारास बाहेर निघतात आणि 'इंजिन खरखरते आहे, आता नवे घ्यावे का?' हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. बहुतेक वेळा नवे घेण्याची गरज नसते. पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) शाबूत असतील, तर क्रँकशाफ्टला आधार देणारी पुढची आणि मागची अशी दोन्ही बेअरिंग्ज बदलल्यावर तेच इंजिन पुन्हा पूर्वीसारखे चालते, आणि हे काम घरच्या टेबलावर मोजक्या हत्यारांनिशी करता येते. येथे मी फक्त दोन बॉलबेअरिंगच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनाविषयी, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने मिथेनॉलचे इंधन पेटवणाऱ्या छोट्या इंजिनाविषयी, लिहितो आहे. माझ्या डोळ्यांसमोर ४६ वर्गातले, म्हणजे ०.४६ घन इंचांचे, सुमारे साडेसात सीसीचे इंजिन आहे. ओ. एस., एन्या, सुपर टायगर, थंडर टायगर यांची त्या आकाराची बॉलबेअरिंगची इंजिने रचनेने एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की पुढचे वर्णन थोड्याफार फरकाने सर्वांना लागू पडावे.

सर्वप्रथम बेअरिंग खरोखरच गेले आहे का, याची खात्री करावी. ग्लो प्लग काढून टाकावा आणि प्रॉपेलर बोटांनी अगदी सावकाश फिरवावा. प्लग जागेवर असला, तर आतल्या दाबामुळे हाताला काही कळत नाही. चांगले बेअरिंग फिरताना काहीच जाणवत नाही. गेलेल्या बेअरिंगमध्ये वाळूचे कण अडकावेत तशी बारीक कचकच बोटांना लागते. मात्र एबीसी पद्धतीच्या इंजिनात, म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेला पितळी लायनर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन असलेल्या इंजिनात, लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो आणि इंजिन थंड असताना पिस्टन तेथे आवळतो, कधी चिरकतोही. तो दोष नव्हे. कचकच फेरीच्या खालच्या अर्ध्या भागातही लागत असेल, तरच संशय बेअरिंगवर घ्यावा. मफलरमधून तांबूस तपकिरी तेल येणे आणि ड्राइव्ह वॉशर (प्रॉपेलरच्या मागची चकती) धरून वर-खाली हलवल्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवणे, या आणखी दोन खुणा आहेत. नाकाडातून, म्हणजे क्रँककेसच्या (इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या) पुढच्या टोकातून, थोडे तेल झिरपते एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. पुढच्या बेअरिंगला वंगण त्याच वाटेने मिळते, आणि गळती मुख्यतः क्रँकशाफ्ट व क्रँककेस यांच्यामधल्या बारीक फटीवर अवलंबून असते. ती फट झिजून वाढली असेल, तर नवे बेअरिंग घालूनही गळती पूर्ण थांबणार नाही.

माझ्या मते ही बेअरिंग्ज चालून झिजत नाहीत, ती पडून राहून गंजतात. ४६ वर्गातले इंजिन मिनिटाला १२,००० फेरे करते, म्हणजे सेकंदाला २००, आणि हा वेग चांगले बेअरिंग वर्षानुवर्षे सहज सोसते. खरा शत्रू उड्डाणानंतर आत उरणारे इंधन हा आहे. मिथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि इंधनात नायट्रोमिथेन असेल तर त्याच्या ज्वलनातून थोडे आम्लही तयार होते. हे मिश्रण गोळी आणि कडी जेथे एकमेकांना टेकतात त्या अरुंद जागेत जाऊन बसते. जुने बेअरिंग उघडून त्याच्या आतल्या खाचेवरून टाचणीचे टोक फिरवले, तर हे स्पष्ट कळते. टाचणी थोडी घसरते, अडकते, पुन्हा तेवढीच घसरते, पुन्हा अडकते. हे तपकिरी खळगे दोन गोळ्यांमध्ये जेवढे अंतर असते बरोबर तेवढ्याच अंतरावर सापडतात. इंजिन ज्या स्थितीत थांबले त्याच स्थितीत महिनोन्महिने पडून होते, याचा तो पुरावा आहे. धावून झिजलेल्या बेअरिंगमध्ये असे सुटे खळगे नसतात. तेथे खाचेत सलग निस्तेज पट्टा दिसतो.

आता उघडण्याविषयी. आधी बाहेरून इंजिन पूर्ण स्वच्छ धुवावे, कारण एक वाळूचा कणही आत जाता कामा नये. प्रॉपेलर, कार्ब्युरेटर, मफलर, बॅकप्लेट (क्रँककेसचे मागचे झाकण), हेड या क्रमाने काढावे. पिस्टन कोणत्या बाजूला तोंड करून आहे आणि कनेक्टिंग रॉडवरचे तेलाचे छिद्र कोणत्या दिशेला आहे, याचे छायाचित्र काढून ठेवावे. लायनर वर ओढून काढल्यानंतर कनेक्टिंग रॉड क्रँकपिनवरून मागे सरकवता येतो. लायनर आत असताना जोर लावल्यास रॉड वाकतो. लायनर इंधनातल्या एरंडेलाच्या चिकट थराने धरला असेल, तर क्रँककेस थोडी गरम करावी, तो आपसूक सुटतो. ड्राइव्ह वॉशर निमुळत्या कोनावर किंवा अर्धचंद्राकृती चावीवर घट्ट बसलेला असतो. त्याला लहान पुलर लावावा. दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास क्रँककेसच्या नाकाडावर कायमचे चरे पडतात. त्यानंतर प्रॉपेलरचा नट दोन-तीन आटे फिरवून ठेवावा, म्हणजे आटे जपले जातील, आणि लाकडी मोगरीने हलकेच ठोकून क्रँकशाफ्ट मागच्या बाजूने बाहेर काढावा.

यानंतरचे सगळे काम उष्णतेने करायचे आहे, हातोडीने नव्हे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मागच्या बेअरिंगचे २८ मिलिमीटरचे घर, म्हणजे क्रँककेसमधली ते बसण्याची गोल जागा, १३० अंशांनी तापवले, तर ते सुमारे ०.०८ मिलिमीटरने मोठे होते. आत बसलेले बेअरिंग तेवढेच तापूनही ०.०४ मिलिमीटरनेच वाढते. उरलेल्या ०.०४ मिलिमीटरच्या सैलपणावर बेअरिंग सुटते. रिकामी क्रँककेस १५० अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटे ठेवावी, जाड हातमोजे घालून बाहेर काढावी आणि मागचे तोंड खाली करून लाकडी ठोकळ्यावर सपाट आपटावी. मागचे बेअरिंग बहुधा पहिल्या-दुसऱ्या ठोक्याला बाहेर पडते. पुढचे बेअरिंग आतून लाकडी दांड्याने ढकलावे. भट्टी स्वयंपाकाची नसावी, कारण एरंडेलाचा आणि इंधनाच्या अवशेषांचा धूर अन्नाच्या जागी नको. क्रँककेस आत ठेवण्यापूर्वी मिथेनॉलचा अंशही उरलेला नसावा. त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना दिसत नाही. गॅसच्या बत्तीची ज्योत थेट लावू नये आणि तापमान २०० अंशांच्या पुढे नेऊ नये.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला क्रमांक वाचावा आणि व्हर्निअरने मापही घ्यावे. माझ्या इंजिनात पुढे ६०७ आहे, म्हणजे आतला व्यास ७, बाहेरचा १९ आणि जाडी ६ मिलिमीटर. मागे ६९०२ आहे, म्हणजे १५, २८ आणि ७. १५ मिलिमीटरच्याच शाफ्टसाठी ६००२ हे बेअरिंगही मिळते, पण त्याचा बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी ९ आहे. शेवटचे दोन आकडे सारखे म्हणून ते उचलू नये. मागचे बेअरिंग दोन्ही बाजूंनी उघडे हवे, कारण इंधनातले तेल त्याच्यातून खेळले पाहिजे. पुढच्याला बाहेरच्या बाजूला सील हवे आणि आतली बाजू उघडी हवी. दोन्ही बाजूंना सील असलेलेच मिळाले, तर आतल्या बाजूचे रबरी सील बारीक सुईने उचलून काढावे आणि ग्रीस धुऊन टाकावे. ज्या बेअरिंगच्या क्रमांकापुढे सी३ लिहिलेले असते, त्यात गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक असते. घट्ट बसणाऱ्या आणि तापणाऱ्या मागच्या बेअरिंगसाठी ते मला अधिक योग्य वाटते.

बसवताना क्रँककेस पुन्हा तेवढीच तापवावी. बेअरिंग सरळ धरून सोडले, की ते स्वतःच्या वजनाने घरात उतरते. थोडा दाब द्यावाच लागला, तर तो फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. आतल्या कडीवर दिलेला जोर गोळ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत जातो, गोळ्या खाचेत खड्डे पाडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या फेरीआधीच खराब होते.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद: खाडीकाठ (रत्नागिरी)

लेख अतिशय उपयुक्त आहे. पडून गंजण्याचा मुद्दा आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना शंभर टक्के पटतो. मला एक विचारायचे आहे. नवे बेअरिंग बसवण्यापूर्वी तासभर फ्रीजरमध्ये ठेवावे, म्हणजे ते आकसते, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही. तो राहून गेला, की मुद्दाम टाळला?

प्रतिसाद: घार (पुणे)

मुद्दाम टाळला. खोलीच्या तापमानापासून फ्रीजरपर्यंत सुमारे ४५ अंशांचा फरक पडतो आणि त्यात २८ मिलिमीटरचे बेअरिंग ०.०१५ मिलिमीटरने आकसते. क्रँककेस तापवून ०.०८ मिळत असताना एवढ्या वाढीव फायद्याची गरज पडत नाही. उलट थंडगार बेअरिंग दमट हवेत बाहेर काढताच त्याच्यावर दव धरते, आणि ते पाणी नेमके गोळ्यांच्या खाली जाते. जे टाळण्यासाठी सगळा खटाटोप केला, त्याचीच सुरुवात आपण स्वतः करून देतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कुणी फ्रीजर वापरला, तर माझी हरकत नाही. रत्नागिरीत मात्र वापरू नये. वापरायचाच असेल, तर बेअरिंग तेलात बुडवून, घट्ट बंद पिशवीत ठेवावे.

प्रतिसाद: लेथवाला (कोल्हापूर)

उद्यमनगरात माझे सारे आयुष्य यंत्रांच्या बेअरिंग्जमध्ये गेले आहे, आणि लहान इंजिनांना नियम तेच लागू पडतात. दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट तापमान मोजण्याविषयी. हल्ली अनेक जण इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून क्रँककेसचे तापमान पाहतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण फार कमी आकडा दाखवते, कारण तसा पृष्ठभाग उष्णतेचे किरण फारच थोडे बाहेर टाकतो. आकडा कमी दिसतो म्हणून माणूस तापवतच राहतो आणि ओतीव भाग नरम पडतो. क्रँककेसवर काळ्या मार्करचा जाड ठिपका द्यावा आणि तेथेच मोजावे. उपकरण नसेल, तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो चर्र होऊन लगेच उडून गेला, तर काम करण्याइतकी उष्णता आलेली आहे.

दुसरी गोष्ट घराच्या झिजेविषयी. जुने बेअरिंग काढल्यावर त्याच्या बाहेरच्या कडीची पाठ पाहावी. ती एकसारखी राखाडी असेल, तर ठीक. चकाकणारे गोल पट्टे दिसले, तर बेअरिंग घरात फिरत होते आणि घर मोठे झाले आहे, असे समजावे. तशा घरात नवे बेअरिंग नुसते टाकून उपयोग नाही. काही जण घराच्या भिंतीवर पंचाने टोचे मारून उंचवटे काढतात. तसे कदापि करू नये, कारण बेअरिंग मध्यापासून सरकते आणि शाफ्ट दोन्ही बेअरिंग्जमध्ये तिरका अडकतो. सैलपणा अगदी थोडा असेल, तर लॉक्टाइट ६४१ सारखे बेअरिंग धरून ठेवणारे द्रव्य घराच्या भिंतीवर अगदी पातळ लावावे. ते गोळ्यांकडे वाहू देऊ नये. सैलपणा हाताला लागण्याइतका असेल, तर क्रँककेस बदलावी.

खरेदीविषयीही थोडे लिहितो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ही सगळी मापे मिळतात. पण नामांकित कंपन्यांच्या खोक्यांत नकली बेअरिंगही विकले जाते. बेअरिंगवरची अक्षरे अस्पष्ट असतील, किंवा किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर घेऊ नये. अधिकृत वितरकाकडून पावतीसह घ्यावे. या आकाराची साधी बेअरिंग्ज मुळात फार महाग नसतात, त्यामुळे काटकसर करायची जागा ही नव्हे.

प्रतिसाद: सागरपार (न्यू जर्सी)

येथे बेअरिंग्जचे संच इंजिनाच्या नावानिशी तयार मिळतात आणि त्यात सिरॅमिक गोळ्यांचा पर्याय असतो. सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या गंजत नाहीत, हे खरे आहे; परंतु कड्या साध्या पोलादाच्या असतील, तर त्या गंजतातच. गंज टाळणे हाच हेतू असेल, तर मी स्टेनलेस कड्यांचे बेअरिंग घेण्याचा सल्ला देईन. नुसत्या सिरॅमिक गोळ्यांसाठी मोजलेले जादा पैसे शनिवारी उडणाऱ्या ट्रेनर विमानात वसूल होत नाहीत.

तेलाविषयी मला धागाकर्त्यांचे मत हवे आहे. माझ्या ओळखीचे जुने उड्डाणपटू एरंडेल असलेलेच इंधन वापरतात, आणि त्यांची बेअरिंग्ज सिंथेटिक तेलवाल्यांपेक्षा जास्त टिकलेली मी पाहिली आहेत.

प्रतिसाद: घार (पुणे)

मीही एरंडेलाच्याच बाजूचा आहे. आपल्याकडे बरेच जण चार भाग मिथेनॉल आणि एक भाग एरंडेल असे साधे इंधन वापरतात. त्यात नायट्रो नसल्याने आम्लाचा प्रश्न कमी होतो, आणि एरंडेलाचा थर धातूला चिकटून राहतो. त्याचा तोटा असा, की बरेच दिवस पडून राहिल्यास तो थर लाखेसारखा घट्ट होतो आणि इंजिन जाम होते. जाम झालेले इंजिन जोर लावून फिरवू नये; हॉट एअर गनने गरम करावे, म्हणजे ते सुटते. जाम इंजिन वाचवता येते, गंजलेले बेअरिंग वाचवता येत नाही. म्हणून हा तोटा मी आनंदाने स्वीकारतो.

तेल कोणतेही असो, दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर थ्रॉटल बंद करून इंजिन थांबवू नये. इंधनाची नळी काढावी आणि आतले सारे इंधन जळून इंजिन आपोआप थांबू द्यावे. मग कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या छिद्रातून चांगल्या तेलाचे काही थेंब सोडून प्रॉपेलर हाताने फिरवावा. स्कूटरचे टू-स्ट्रोक तेल किंवा हवेवर चालणाऱ्या हत्यारांचे तेल या कामी चालते. ते मागच्या बेअरिंगपर्यंत पोहोचावे म्हणून इंजिन थोडा वेळ मागच्या बाजूला कलते धरावे.

प्रतिसाद: खाडीकाठ (रत्नागिरी)

माझ्याकडे एक फोर-स्ट्रोक इंजिनही आहे आणि त्याचे मागचे बेअरिंग टू-स्ट्रोकच्या मानाने फार लवकर गंजते. यामागे काही विशेष कारण आहे का?

प्रतिसाद: लेथवाला (कोल्हापूर)

कारण रचनेतच आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे इंधन क्रँककेसमधून वर जाते, त्यामुळे बेअरिंग्जना दर फेरीला नवे तेल मिळते. फोर-स्ट्रोकमध्ये इंधन थेट हेडमध्ये जाते आणि क्रँककेसमध्ये फक्त पिस्टनच्या कडेने निसटलेला जळका वायू आणि त्याच्याबरोबरचे तेल येते. म्हणजे वंगण कमी, आणि जे येते त्यात आम्ल व पाण्याचा अंश अधिक. अशा इंजिनात क्रँककेसच्या श्वासनळीतून उड्डाणानंतर तेल सोडणे अत्यावश्यक आहे. ते प्रत्येक वेळी करावे, कंटाळा करू नये.

प्रतिसाद: सातपुडा (नागपूर)

मी या धाग्यानुसार काम केले आणि दोन्ही बेअरिंग्ज अगदी सहज बसली. आता अडचण अशी आहे, की क्रँकशाफ्ट घालून ड्राइव्ह वॉशर आवळला की शाफ्ट जड फिरतो. नट सैल केला की मोकळा होतो. पिस्टन अजून घातलेला नाही. नवी बेअरिंग्ज खराब निघाली असतील का?

प्रतिसाद: लेथवाला (कोल्हापूर)

बेअरिंग्ज बहुधा उत्तम आहेत, फक्त त्यांच्यापैकी एक पूर्ण तळाशी बसलेले नाही. क्रँककेस निवताना बेअरिंग केसाइतके वर उचलले गेले, तरी दोन्ही बेअरिंग्जच्या आतल्या कड्यांमधले अंतर चुकते. मग ड्राइव्ह वॉशर आवळला की एक कडी पुढे आणि दुसरी मागे ओढली जाते, आणि गोळ्या खाचेच्या मध्याऐवजी कडेवर घासू लागतात. असे इंजिन तसेच चालवू नये.

यावर उपाय सोपा आहे. नट पूर्ण सैल करावा. शाफ्ट आत असतानाच क्रँककेस बाहेरून हॉट एअर गनने सगळीकडे सारखी तापवावी आणि मोगरीने शाफ्टच्या पुढच्या टोकावर एक, मग मागच्या टोकावर एक असे अगदी हलके ठोके द्यावेत. घर सैल झाले की बेअरिंग्ज आपली जागा स्वतः शोधतात. पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नये, आणि त्यानंतरच ड्राइव्ह वॉशर आवळून पाहावा.

प्रतिसाद: सातपुडा (नागपूर)

आपण सांगितल्याप्रमाणे पुन्हा तापवले. दुसऱ्या ठोक्याला बारीक 'टक' असा आवाज आला. थंड झाल्यावर वॉशर पूर्ण आवळूनही शाफ्ट बोटाच्या टिचकीने फिरतो आहे, कुठेही अडकत नाही. आता तो पुढे-मागे अगदी किंचित सरकतो, वर-खाली मात्र अजिबात हलत नाही. हे सरकणे चालेल का? आणि पहिल्यांदा सुरू करताना इंजिन नव्यासारखे पुन्हा रुळवावे लागेल का?

प्रतिसाद: घार (पुणे)

पुढे-मागे किंचित सरकणे योग्यच आहे. तापल्यावर क्रँककेस शाफ्टपेक्षा जास्त लांबते, तेव्हा ती मोकळीक कामी येते. पिस्टन आणि लायनर जुनेच असल्याने संपूर्ण रुळवण्याची गरज नाही. पिस्टन मूळ दिशेनेच बसला आहे आणि लायनरची खाच तिच्या पिनवर आली आहे, हे छायाचित्राशी ताडून पाहावे. हेडचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. पहिली टाकी नीडल व्हॉल्व (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) थोडा जास्त उघडा ठेवून जमिनीवरच चालवावी, म्हणजे बेअरिंग्जमधून भरपूर तेल खेळेल. इंजिन थंड झाल्यावर हेड आणि बॅकप्लेटचे स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत. प्रॉपेलर मात्र चालवण्याआधी बॅलन्सरवर घालून पाहावा, आणि त्याचे एखादे पाते जड निघाल्यास ते घासून सारखे करावे.